फेसलेली मोहरी, ब्रोकोली आणि कीप-१: भाज्यांमधले अँटिऑक्सिडंट जनुकांपर्यंत पोचतात कसे?

रानमोहर

अँटिऑक्सिडंट म्हटलं की ठरलेलं चित्र डोळ्यांपुढे येतं. फ्री रॅडिकल नावाचे गुंड पेशीत मोकाट सुटलेत आणि डाळिंबाच्या रसातले शिपाई त्यांच्या मुसक्या बांधतायत. परीक्षानळीत हे खरं आहे. शरीरात मात्र हिशेब जुळत नाही.

पेशीच्या आत स्वतःचं अँटिऑक्सिडंट, ग्लुटाथायोन, १ ते १० मिलिमोलर असतं (मायक्रोमोलर म्हणजे मिलिमोलरचा हजारावा भाग). रक्तात युरिक ॲसिड ३०० मायक्रोमोलरच्या आसपास, व्हिटॅमिन सी ५० च्या आसपास. चहा, कांदा, सफरचंद खाल्ल्यावर त्यातली पॉलिफेनॉल मूळ रूपात रक्तात येतात ती बहुतेक वेळा १ मायक्रोमोलरच्याही खाली, आणि काही तासांत निघून जातात. पेशीतल्या साठ्यापुढे ही भर म्हणजे विहिरीत चमचाभर पाणी. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढलेली दिसते, पण ती बरीचशी फ्रुक्टोजमुळे वाढलेल्या युरिक ॲसिडची असते! अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांच्या 'ओरॅक' गुणांची (परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची) यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली ती उगाच नाही. परीक्षानळीतले ते गुण शरीराला लागू होत नाहीत.

मग भाज्यांचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण वाट वेगळी आहे. यातली बरीच रसायनं पेशीच्या दृष्टीनं सौम्य त्रासदायक असतात. वनस्पतीनं ती किडीला पळवून लावायला बनवलेली असतात. पेशी त्या त्रासाला उत्तर म्हणून स्वतःची संरक्षक जनुकं चालू करते.

सगळ्यात नीट उलगडलेली वाट कीप-१ आणि एनआरएफ-२ या दोन प्रथिनांची. एनआरएफ-२ जनुकं चालू करणारं प्रथिन. पेशी ते सतत बनवते आणि सतत मोडतेही. कीप-१ त्याला धरून मोडीच्या यंत्रणेकडे देत राहतं, त्यामुळे त्याचं अर्धायुष्य जेमतेम १५-२० मिनिटं. कीप-१ वर सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधकवाले हात असतात. ब्रोकोलीतून मिळणारं सल्फोराफेन त्यातल्या १५१ क्रमांकाच्या सिस्टीनला जाऊन चिकटतं आणि मोडीचं काम अडतं.

इथे बऱ्याच लेखांत एक चूक असते. 'कीप-१ एनआरएफ-२ ला सोडून देतं' असं लिहितात. प्रत्यक्षात जुनं एनआरएफ-२ अडकलेलंच राहतं. नव्यानं तयार होणाऱ्याला धरायला जागा उरत नाही, म्हणून ते साठतं, केंद्रकात जातं, लहान 'मॅफ' प्रथिनाशी जोडी जमवतं आणि डीएनएवर एआरई नावाच्या खुणेवर बसतं. खुणेचा गाभा असा: टीजीएसी, मग कोणतीही तीन अक्षरं, मग जीसी. ही खूण दोनशेहून जास्त जनुकांच्या दाराशी आहे. ग्लुटाथायोन बनवणारी जीसीएल, विषारी क्विनोन निकामी करणारं एनक्यूओ-१, विषारी रेणूंना ग्लुटाथायोन जोडणारं जीएसटी कुटुंब, हीम मोडणारं एचओ-१, सगळी एका बटणावर.

धागा मुख्यतः सल्फोराफेनवर ठेवू, कारण माणसांमधला पुरावा तिथे बरा आहे. हळद, कोकम, चहा ओघात येतीलच.

शंकासुर

दोन शंका. हे रसायन त्रासदायक असेल तर त्याला अँटिऑक्सिडंट म्हणायचं कशाला? आणि ते काही तासांत लघवीवाटे जात असेल तर आठवड्यातून दोनदा भाजी खाऊन काय हाती लागणार?

रानमोहर

पहिली शंका रास्त आहे. नेमकं नाव 'अप्रत्यक्ष अँटिऑक्सिडंट'. सल्फोराफेन स्वतः एकही रॅडिकल पकडत नाही म्हटलं तरी चालेल.

दुसरीचं उत्तर वेळापत्रकात आहे. सल्फोराफेन रक्तात १ ते ३ तासांत शिखर गाठतं, अर्धायुष्य साधारण दोन तास. पण पेशीत शिरल्यावर ते ग्लुटाथायोनशी जोडलं जातं आणि आत साठतं, त्यामुळे पेशीतलं प्रमाण रक्ताच्या कित्येक पट होतं. एनआरएफ-२ दोन ते चार तासांत वाढतं, एनक्यूओ-१ चा आरएनए त्यामागोमाग, आणि खुद्द प्रथिन २४ तासांच्या पुढे. ते प्रथिन मग काही दिवस टिकतं. बेल दाबणारा निघून गेला तरी जागी झालेली माणसं कामाला लागलेली असतात.

साधं पकडापकडीचं अँटिऑक्सिडंट आणि हे, यातला फरक जुन्या चाचण्यांत दिसतो. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेली एटीबीसी चाचणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. २००९ च्या एका जर्मन अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट ई घेणाऱ्यांना व्यायामाचा इन्सुलिनवरचा फायदा मिळालाच नाही. व्यायामानं होणारा थोडासा ऑक्सिडेशनचा ताणच पेशीला निरोप देतो, तो गोळ्यांनी पुसला गेला.

खलबत्ता

आता स्वयंपाकघरात या, कारण खरी गंमत आणि खरं नुकसान तिथेच आहे.

ब्रोकोलीत सल्फोराफेन नसतंच. असतं ते ग्लुकोराफानिन, आणि वेगळ्या कप्प्यात मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. चावल्यावर किंवा चिरल्यावर कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि सल्फोराफेन तयार होतं. आपल्याकडे मोहरी फेसतात ती अगदी हीच क्रिया. मोहरीची डाळ थोड्या गार पाण्यात वाटली की दोन मिनिटांत नाकात झिणझिण्या येतात. तो झोंबणारा वास ॲलिल आयसोथायोसायनेटचा, सल्फोराफेनच्या चुलत भावाचा. कोरडी मोहरी तोंडात धरली तर झोंबत नाही, आणि उकळत्या पाण्यात वाटली तर फक्त कडवट लागते, कारण एन्झाइम मेलेलं असतं. लोणच्यात फोडणी गार करून घालायचा दंडक आहे, त्यानं मोहरीचा हा झोंबरेपणाही वाचतो. फोडणीत तडतडलेली मोहरी या हिशेबात शून्य.

ब्रोकोलीत मेख अशी की तिसरं एक प्रथिन असतं, ईएसपी. ते क्रिया मधेच वळवून सल्फोराफेनऐवजी निरुपयोगी नायट्राइल बनवतं. म्हणून अगदी कच्ची ब्रोकोली सर्वोत्तम नाही. ईएसपी उष्णतेला नाजूक आहे: ६० अंशांवर ५-१० मिनिटांत बरंचसं ढेपाळतं, मायरोसिनेज मात्र तग धरतं. तुऱ्यांना ७० च्या वर नेलं की मायरोसिनेजही जातं. म्हणजे खिडकी अरुंद आहे.

घरी थर्मामीटर घेऊन कोण बसतं! त्यापेक्षा: तुरे बारीक चिरा, ४० मिनिटं ताटलीत तशीच ठेवा, सल्फोराफेन आधीच बनू द्या, मग शिजवा. बनलेलं सल्फोराफेन शिजताना थोडं घटतं, पण एन्झाइमइतकं एका क्षणात संपत नाही. किंवा पाणी उकळल्यावर चाळणीत ठेवून १ ते ३ मिनिटं वाफवा. रंग गडद हिरवा झाला की उतरवा. पाण्यात उकडलीत तर एन्झाइम मरतंच, शिवाय ग्लुकोराफानिन पाण्यात उतरतं. ते पाणी ओतून टाकलं की संपलं.

भाजी मऊ शिजवूनच हवी असेल तर मोहरी मदतीला आहे. २०० ग्रॅम शिजलेल्या ब्रोकोलीवर १ ग्रॅम, म्हणजे अर्धा लहान चमचा कच्च्या मोहरीची पूड घातली तर शरीरात पोचणारं सल्फोराफेन चौपटीहून वाढल्याचं २०१८ च्या चाचणीत दिसलं. पूड भाजी ताटात घेतल्यावर घाला, कढईत नाही. फ्रोझन ब्रोकोलीला तर हे लागतंच, कारण गोठवण्यापूर्वी ती गरम पाण्यातून काढतात आणि एन्झाइम तिथेच मरतं. मोहरी नको असेल तर किसलेला कच्चा मुळा.

लिंबू शेवटी पिळा. थोडं व्हिटॅमिन सी मायरोसिनेजला चेव आणतं, पण फार आंबट झालं की एन्झाइम मंदावतं.

बीजांकुर

मोडांबद्दल भर घालतो. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पॉल टलाले यांच्या गटानं ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं, आणि १९९७ मध्ये त्याच गटानं दाखवलं की तीन दिवसांच्या मोडांत वजनाच्या मानानं मोठ्या ब्रोकोलीच्या १० ते १०० पट ग्लुकोराफानिन असतं. कारण साधं आहे: सगळा साठा बीतला, झाड वाढतं तसा तो पातळ होत जातो.

घरी करताना पहिली चूक बी आणताना होते. पेरणीचं बी आणू नका. त्यावर थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं, बी गुलाबी किंवा निळं दिसतं, ते खायचं नाही. मोड आणण्यासाठीच विकतात ते बिनरंगी बी घ्या. दोन चमचे बी ६-८ तास भिजत, मग पाणी काढून बरणीच्या तोंडाला मलमल बांधून तिरपी उपडी ठेवा. दिवसातून दोन-तीन वेळा धुऊन निथळायचं. पाणी साचलं की सडलंच. कोकणात किंवा एप्रिल-मेच्या उकाड्यात चार वेळा धुवावं लागतं, तरी आंबूस वास आला तर सगळं फेकून द्या. तिसऱ्या दिवशी मुळांवर पांढरं लवीसारखं दिसतं. घाबरून टाकू नका, ती मूळरोमं असतात. पाणी मारलं की बसतात. बुरशी पाण्यानं बसत नाही आणि तिला कुबट वास येतो.

मोडांमध्ये जंतू वाढायचा धोका खराच आहे. गरोदर बायका, लहान मुलं, केमोथेरपी चालू असलेले यांनी कच्चे मोड टाळावेत. मोडांचं मायरोसिनेज तुऱ्यांपेक्षा चिवट असतं, ७० अंशांच्या पाण्यात थोडा वेळ बुडवले तरी सल्फोराफेन घटत नाही. ईएसपीही गळतं आणि जंतूही कमी होतात.

शंकासुर

खलबत्ता, बीजांकुर, तपशील छान. पण माणसांत जनुकं चालू झाली हे दाखवलंय का कुणी? की उंदीर आणि बशीतल्या पेशीच?

रानमोहर

चीनमधल्या छीतोंग इथली चाचणी बघा, २०१४. हवा प्रदूषित असलेला भाग. २९१ लोक, १२ आठवडे, निम्म्यांना मोडांचा अर्क घातलेलं पेय: ६०० मायक्रोमोल ग्लुकोराफानिन आणि ४० मायक्रोमोल सल्फोराफेन. प्रदूषणातल्या बेंझिनचं ग्लुटाथायोनशी जोडून लघवीवाटे बाहेर पडणं ६१ टक्क्यांनी वाढलं, ॲक्रोलीनचं २३ टक्क्यांनी. पहिल्या दिवसापासून वाढलं आणि १२ आठवडे टिकलं. एनआरएफ-२ च्या बटणावरची जीएसटी जनुकं कामाला लागली तर नेमकं हेच दिसायला हवं. कॅन्सर कमी झाला असं यातून सिद्ध होत नाही, तसा दावाही नाही.

माणसामाणसांत फरक फार पडतो. मायरोसिनेज जिवंत असेल तर ग्लुकोराफानिनचा ३५-४० टक्के भाग सल्फोराफेनच्या रूपात हाती लागतो. ते मेलेलं असेल तर काम आतड्यातल्या जंतूंवर पडतं आणि सरासरी १० टक्क्यांवर येतं. कुणाचे जंतू तरबेज, कुणाचे अगदीच निकामी.

पिपेट

बशीतल्या पेशींचा विषय निघालाच आहे तर शोधनिबंध वाचताना किंवा प्रयोग करताना कुठे फसगत होते ते लिहितो. एमएस्सीची मुलं वाचत असतील तर त्यांना उपयोगी पडेल.

पेशी कोणत्या ते आधी पाहा. ए५४९ या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींत कीप-१ मुळातच बिघडलेलं आहे, एनआरएफ-२ कायम चालू. त्यांच्यात 'अमुक अर्कानं एनआरएफ-२ जागं केलं' म्हणणं म्हणजे चालू दिव्याचं बटण दाबल्यासारखं.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं वजनानुसार वेगळी करून ओळखायची पद्धत) एनआरएफ-२ चा पट्टा ६६ किलोडाल्टनला शोधतात, कारण क्रमावरून तेवढं वजन येतं. खरा पट्टा ९५ ते ११० च्या दरम्यान धावतो. ६६ चा पट्टा दाखवून छापलेले निबंध कमी नाहीत. टीबीएचक्यू (एनआरएफ-२ जागं करणारं रसायन) दिलेल्या पेशी आणि एनआरएफ-२ नसलेल्या पेशी, दोन्ही शेजारी चालवा. पट्टा एकात वाढला आणि दुसऱ्यात नाहीसा झाला तरच तो तुमचा.

एचओ-१ वाढलं म्हणजे एनआरएफ-२ असं नाही. बॅक-१ नावाचं दडपणारं प्रथिन हटलं तरी ते उसळतं. एनक्यूओ-१ जास्त भरवशाचं.

चहातलं ईजीसीजी किंवा तत्सम पॉलिफेनॉल पेशी वाढवायच्या डीएमईएम माध्यमात घातलं की ते स्वतःच ऑक्सिडाइज होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. पेशी त्या पेरॉक्साइडला उत्तर देतात आणि श्रेय चहाला जातं. एका बशीत कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घाला. परिणाम नाहीसा झाला तर तो माध्यमाचा होता.

हळदीतलं करक्युमिन तर पीएच ७.२, ३७ अंश, सिरम नसलेल्या माध्यमात अर्ध्या तासात ९० टक्के मोडतं. वर ते स्वतः चमकतं, त्यामुळे फ्लोरेसन्सवरच्या चाचण्या फसतात. द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल काजव्याच्या ल्युसिफरेजलाच (जनुक चालू झालं की उजेड देणाऱ्या एन्झाइमलाच) अडवतं, म्हणजे जनुक दबलं असं दिसतं आणि दबलेली असते चाचणी.

मात्रा: सल्फोराफेन २ ते ५ मायक्रोमोलर ठीक, २० च्या वर गेलात की पेशी मरायला लागतात आणि मरणाऱ्या पेशीची जनुकं काहीही दाखवतात. डीएमएसओ (रसायन विरघळवायचा द्रव) ०.१ टक्क्यावर ठेवा आणि कंट्रोललाही तेवढंच द्या.

सोलकढी

कोकमाचं नुसतं नाव आलं, विषय अजून निघाला नाही, आश्चर्य आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात तपस कुंडू यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं की कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल हिस्टोन ॲसिटिलट्रान्सफरेज एन्झाइमांना अडवतं. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो; ॲसिटिल गट लागले की गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येतं. ते गटच लागू दिले नाहीत तर जनुकं मिटलेली राहतात. त्याच वर्षी त्याच गटानं करक्युमिनही पी३०० या एन्झाइमला अडवतं असं दाखवलं.

लगेच सोलकढीला औषध म्हणू नका. आमसुलाचा लाल रंग अँथोसायनिनचा, तो पाण्यात उतरतो. आंबटपणा हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिडचा, तोही उतरतो. गार्सिनॉल पिवळं आणि तेलात विरघळणारं, पाण्यात जवळजवळ उतरत नाही. प्रयोगशाळेत ते अल्कोहोलनं काढतात. नारळाच्या दुधाच्या स्निग्धांशात थोडं उतरेल हा तर्क बरा आहे, पण एका वाटीत किती, हे मोजल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

सल्फोराफेनचीही अशी दुसरी बाजू आहे: ते ॲसिटिल गट काढणाऱ्या एचडॅक एन्झाइमांना अडवतं, म्हणजे नेमकं उलट टोक. ६८ ग्रॅम मोड खाल्ल्यावर ३ आणि ६ तासांनी रक्तपेशींत एचडॅकची क्रिया घटलेली सापडली होती. माणसं होती तीन.

शंकासुर

तीन! यावर केवढे मथळे झाले असतील.

वाचनमात्र

हळद आणि काळ्या मिरीच्या कॅप्सूल सगळीकडे दिसतात. मिरीनं हळद २००० टक्के शोषली जाते म्हणे. घरी वडीलधाऱ्यांना द्यायला हरकत आहे का?

पिपेट

२००० चा आकडा खरा आहे, १९९८ चा, बंगळुरूच्याच अभ्यासातला: २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिरीतलं पायपरिन २० मिलिग्रॅम. पण मूळ पातळी इतकी नगण्य होती की तिची वीसपट भरही थोडकीच, आणि ती साधारण तासाभरातच उतरली.

हिशेब करा. हळदीत करक्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास. दिवसाला स्वयंपाकात एक ते दोन ग्रॅम हळद म्हणजे ३० ते ६० मिलिग्रॅम. चाचण्यांत देतात ते ग्रॅममध्ये. भाजीतली हळद आणि कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायपरिन ज्या रीतीनं करक्युमिनला यकृतातून निसटू देतं त्याच रीतीनं औषधांनाही निसटू देतं. रोज २० मिलिग्रॅम पायपरिननं प्रोप्रानोलॉल आणि थिओफिलिनची रक्तातली पातळी वाढल्याचं नोंदलेलं आहे. रक्तदाब, दमा, फिट्स यांची औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा कॅप्सूल घेऊ नयेत. हळदीच्या पूरकांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अमेरिकेतल्या नोंदवहीत आहेत, बरीचशी मिरीयुक्त गोळ्यांची. ग्रीन टीच्या अर्काबाबत युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये दिवसाला ८०० मिलिग्रॅम ईजीसीजीपासून पुढे यकृताची एन्झाइमं वाढतात असं म्हटलं. चहा पिऊन तेवढं सहसा होत नाही, गोळ्यांनी होतं.

शंकासुर

शेवटची शंका. पिपेट म्हणाले की कॅन्सरच्या पेशींत एनआरएफ-२ कायम चालू असतं. म्हणजे हे बटण कॅन्सरलाही उपयोगी पडतं?

रानमोहर

पडतं. फुफ्फुसाच्या बऱ्याच गाठींत कीप-१ तुटलेलं असतं आणि ती गाठ केमोला दाद देत नाही, कारण औषध बाहेर फेकणारी आणि निकामी करणारी जनुकंही याच बटणावर आहेत. निरोगी पेशीत अधूनमधून चालू-बंद होणं वेगळं आणि गाठीत कायम चालू असणं वेगळं. म्हणून कॅन्सरचे उपचार चालू असताना सल्फोराफेनच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. ताटातली भाजी हा वेगळा प्रश्न, तिच्याबद्दल ही भीती नाही.

औषधकंपन्यांनीही या बटणाचे चटके खाल्लेत. बार्डॉक्सोलोन हे तगडं एनआरएफ-२ उत्तेजक मूत्रपिंडाच्या रुग्णांत हृदयविकाराचा त्रास वाढल्यामुळे २०१२ मध्ये चाचणीतच थांबवावं लागलं. त्याच कुटुंबातलं ओमाव्हेलोक्सोलोन २०२३ मध्ये फ्रीड्रिक अटॅक्सिया या मज्जासंस्थेच्या आनुवंशिक आजारासाठी अमेरिकेत मंजूर झालं.

वाचनमात्र

आमच्या तालुक्याच्या बाजारात ब्रोकोली येतच नाही. मग काय खावं?

खलबत्ता

मुळा आणा, पाल्यासकट. मुळ्यात ईएसपीची कटकट जवळजवळ नाही, म्हणून किसून केलेली कच्ची कोशिंबीर उत्तम. मुळ्याच्या मोडांत आणि डिंगऱ्यांत सल्फोराफेनचा सख्खा भाऊ सल्फोराफीन मिळतो. कोबीत ईएसपी भरपूर, तेव्हा बारीक चिरून थोडा वेळ ठेवा आणि झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं परता, गाळ करू नका. शेवग्याच्या पाल्यातलं आयसोथायोसायनेट साखरेला बांधलेलं असल्यामुळे उडून जात नाही, पण तेही पाला वाटल्यावरच बनतं. अख्खा पाला उकळत्या आमटीत टाकला तर बनायच्या आत एन्झाइम मरतं. पाला आधी खलबत्त्यात ठेचा, दहा मिनिटं ठेवा, आमटी उतरवताना घाला. आणि पानात डावीकडे चमचाभर फेसलेली मोहरी घातलेली काकडीची कोशिंबीर असू द्या. मोहरी गार पाण्यात फेसायची, मीठ-लिंबू नाकाला झोंबायला लागल्यावर.